‘अब्रिज्ड’ म्हणजे नेमके काय, आणि हा शब्द कुठे वापरायचा

इंग्रजी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, ऑडिओबुकच्या यादीत किंवा शब्दकोशाच्या नावाशेजारी ‘अब्रिज्ड’ हा शब्द दिसतो. बहुतेक जण त्याचा अर्थ ‘छोटे केलेले’ एवढाच लावून पुढे जातात. हा अर्थ चुकीचा नाही, पण तोकडा आहे. छोट्या मजकुरासाठी इंग्रजीत बरेच शब्द आहेत आणि त्यातला कोणता वापरायचा हे मजकूर किती छोटा आहे यापेक्षा तो कसा छोटा केला यावर ठरते. अब्रिज्ड म्हटले की त्यात तीन गोष्टी गृहीत असतात. एक, आधी एक मोठा, पूर्ण मजकूर होता. दोन, छोट्या मजकुरातही सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा सगळा प्रवास आहे. तीन, वाक्ये बहुतांशी मूळ लेखकाचीच आहेत आणि मधला काही भाग गाळला आहे. या तीन खुणा लक्षात ठेवल्या तर पुढच्या जवळजवळ सगळ्या शंका सुटतात.

पहिली पायरी : उच्चार, स्पेलिंग आणि मूळ

शब्दात दोनच अवयव आहेत: ‘अ’ आणि ‘ब्रिज्ड’. आघात दुसऱ्यावर येतो. ‘अब्रिजेड’ असे तीन तुकडे करू नका; शेवटच्या ‘ई-डी’मधला ‘ई’ उच्चारात नाही. सुरुवातीचा ‘अ’ हलका, ओझरता. त्याचा ‘ॲ’ झाला की शब्द लगेच परका वाटतो. ‘ज’ हा ‘जिल्हा’मधला, ‘जागा’मधला नव्हे.

स्पेलिंग ए-बी-आर-आय-डी-जी-ई-डी. यात ‘बी’ एकच. ‘डी’ गाळण्याची चूक सर्रास होते, कारण कानाला तो ‘डी’ वेगळा ऐकू येत नाही. नाम ‘अब्रिजमेंट’. ब्रिटिश पद्धतीत ‘जी’नंतर ‘ई’ ठेवतात, अमेरिकन पद्धतीत तो बहुधा काढतात. दोन्ही बरोबर आहेत, फक्त एका लेखात एकच पद्धत ठेवा.

स्पेलिंगमध्ये ‘ब्रिज’ दिसतो म्हणून पुलाशी नाते जोडायचा मोह होतो: लांबचा रस्ता पुलाने जवळ केला, वगैरे. ते नाते खोटे आहे. पूल या अर्थाचा शब्द जर्मानिक कुळातला. अब्रिज आला लॅटिनमधल्या ‘ब्रेव्हिस’वरून, म्हणजे ‘आखूड, ऱ्हस्व’. ब्रेव्हिसवरून ‘अब्रेव्हिआरे’ झाले, ते जुन्या फ्रेंचमधून झिजत झिजत इंग्रजीत ‘अब्रिज’ होऊन पोचले. त्याच लॅटिन क्रियापदावरून पुढे थेट ‘ॲब्रिव्हिएट’ हा शब्दही इंग्रजीने घेतला. ‘ब्रीफ’ही त्याच घरातला. अब्रिज आणि ॲब्रिव्हिएट ही सख्खी भावंडे, पण कामे वेगळी वाटून घेतलेली. शब्द आखूड केला तर ॲब्रिव्हिएट, ग्रंथ आखूड केला तर अब्रिज. ‘डॉक्टर’चे ‘डॉ.’ हे ॲब्रिव्हिएशन, हजार पानांच्या कादंबरीची तीनशे पानांची आवृत्ती हे अब्रिजमेंट. नवख्यांची सर्वांत मोठी गल्लत या दोघांतच होते, म्हणून हा फरक आधी पक्का करा.

दुसरी पायरी : एकाच परिच्छेदावर फरक पाहणे

व्याख्या वाचून हा फरक पुरता कळत नाही. एक छोटा परिच्छेद घेऊन त्यावर वेगवेगळे प्रयोग करून बघू. समजा, मूळ मजकूर असा आहे:

पाऊस थांबला तेव्हा म्हातारा ओसरीवर आला. अंगणातल्या चिखलात रात्रीच्या गाडीच्या चाकोऱ्या अजून ताज्या होत्या, आणि त्यांत साचलेल्या पाण्यात आभाळाचे तुकडे पडल्यासारखे दिसत होते. त्याने कोपऱ्यातली काठी उचलली. काठी आजोबांची, शिसवीची, मुठीपाशी गुळगुळीत झालेली. काही न बोलता तो चाकोऱ्यांच्या मागोमाग चालू लागला.

हे 41 शब्द झाले. आता याची अब्रिज्ड आवृत्ती:

पाऊस थांबला तेव्हा म्हातारा ओसरीवर आला. अंगणातल्या चिखलात गाडीच्या चाकोऱ्या अजून ताज्या होत्या. त्याने काठी उचलली. काही न बोलता तो चाकोऱ्यांच्या मागोमाग चालू लागला.

आता 24 शब्द उरले. एकही नवा शब्द आलेला नाही, क्रम तोच आहे, काळ तोच आहे, निवेदकाचा आवाज तोच आहे. पाण्यातले आभाळ गेले, काठीचे वर्णन गेले. जे उरले ते मूळ लेखकाचेच आहे, आणि अब्रिज्ड ही खूण लावायला हाच खरा आधार.

याच परिच्छेदाचा सारांश बघा: ‘पावसानंतर एक म्हातारा गाडीच्या खुणा धरून कोणाचा तरी शोध घ्यायला निघतो.’ छोटा आहे, अचूकही असेल, पण आवाज सारांश लिहिणाऱ्याचा आहे. काळ बदलला, आणि ‘कोणाचा तरी शोध’ ही तर सारांशकर्त्याने काढलेली अटकळ. मुळात ती कुठेच नाही. इंग्रजीत याला ‘समरी’ म्हणतात. याला अब्रिज्ड म्हणणे चूक.

मुलांसाठी हेच नव्याने सांगितले तर: ‘पाऊस थांबला. आजोबा बाहेर आले. चिखलात गाडीच्या चाकांच्या खुणा होत्या. आजोबा काठी घेऊन त्या खुणांमागे गेले.’ हे ‘रिटोल्ड’ किंवा ‘सिम्प्लिफाइड’. वाक्ये नवी आहेत, शब्द सोपे केले आहेत. आणि घाईत एक घोटाळाही झाला आहे: मुळात आजोबा हे म्हाताऱ्याचे, इथे म्हाताऱ्यालाच आजोबा म्हटले. पुनर्कथनात अशा गोष्टी नकळत घडतात, म्हणूनच पुनर्कथन आणि अब्रिज्ड यांच्यावर एकच शिक्का मारता येत नाही.

फक्त दुसरे वाक्य उचलून कुठे छापले तर तो उतारा, म्हणजे ‘एक्सर्प्ट’. उतारा अखंड असतो, पण सुरुवात ते शेवट असा प्रवास त्यात नसतो. आणि फोनच्या पडद्यावर जागा संपल्यामुळे ‘अंगणातल्या चिखलात रात्रीच्या गाडीच्या…’ इथेच मजकूर तुटला तर तो ‘ट्रंकेटेड’. तिथे कोणी विचार करून काही गाळलेले नाही, शेपूट छाटले गेले इतकेच.

यात एक जवळचा शब्द राहतो: ‘कंडेन्स्ड’. काटेकोरपणे बोलायचे तर कंडेन्स्डमध्ये गाळण्याबरोबर आटवणेही असते. दोन वाक्यांचे एक करणे, लांब वर्णन चार शब्दांत बसवणे. प्रत्यक्षात प्रकाशक हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतात आणि अब्रिज्ड आवृत्तीतही सांधे जुळवण्यापुरते थोडे पुनर्लेखन चालते. ‘रीडर्स डायजेस्ट’ने 1950 साली सुरू केलेल्या मालिकेत एकाच खंडात अनेक कादंबऱ्या आटोपशीर करून येत; त्या मालिकेच्या नावात कंडेन्स्ड हाच शब्द होता. या दोघांत वाद घालत बसण्यात अर्थ नाही. समरी आणि अब्रिज्ड यांत मात्र गल्लत चालत नाही.

तिसरी पायरी : खऱ्या आवृत्त्यांवर पारखणे

सॅम्युएल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश 1755 साली दोन जाडजूड खंडांत निघाला. किंमत 4 पौंड 10 शिलिंग, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. पुढच्याच वर्षी, 1756 मध्ये, त्याची लहान आकारातली अब्रिज्ड आवृत्ती 10 शिलिंगांना आली. त्यात शब्द आणि अर्थ ठेवले, पण ज्या अवतरणांमुळे तो कोश गाजला ती काढून टाकली. ज्यांच्या लेखनात शब्द सापडला त्या लेखकांची फक्त नावे राहिली. इथे काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे वाचकाच्या गरजेवरून ठरले. अर्थ पाहणाऱ्याला काही कमी पडले नाही. शब्द कसा वापरला गेला हे पाहणाऱ्याच्या हाती मात्र थोडेच उरले.

जेम्स फ्रेझर यांच्या ‘द गोल्डन बाऊ’ या पुराणकथा आणि धर्म यांवरच्या ग्रंथाची तिसरी आवृत्ती 12 खंडांची. 1922 साली स्वतः फ्रेझर यांनीच तिची एका खंडाची अब्रिज्ड आवृत्ती तयार केली. मुख्य मजकूर जास्तीत जास्त वाचवण्यासाठी त्यांनी सगळ्या तळटीपा सोडल्या, आणि तळटीपांबरोबर संदर्भही गेले. म्हणजे वाचायला एका खंडाचे पुस्तक उत्तम, पण एखाद्या विधानाचा आधार शोधायचा तर बारा खंडांकडेच जावे लागते. विद्यार्थ्यांनी यातून एक सवय लावून घ्यावी: अब्रिज्ड आवृत्ती वाचा, पण संदर्भ देताना पान क्रमांक तिचा देत असाल तर आवृत्तीचे नाव स्पष्ट लिहा. नाहीतर तुमचे पान 212 आणि परीक्षकाचे पान 212 यांत काहीच जुळणार नाही.

आता नकाराची दोन उदाहरणे, दोन्ही एकाच वर्षाची. 1807 साली इंग्लंडमध्ये शेक्सपिअरच्या नाटकांवरून दोन पुस्तके निघाली आणि दोन्हींत 20-20 नाटके होती. चार्ल्स आणि मेरी लँब या भावंडांनी नाटकांच्या गद्य गोष्टी केल्या; ते पुनर्कथन. बाउडलर कुटुंबाच्या ‘फॅमिली शेक्सपिअर’ने नाटके नाटकेच ठेवली, पण घरात मोठ्याने वाचायला अवघड वाटतील अशा ओळी काढल्या. इथेही गाळणे आहे, शब्दही बव्हंशी शेक्सपिअरचेच आहेत, तरी याला इंग्रजी जाणकार अब्रिज्ड म्हणत नाहीत. ‘एक्स्पर्गेटेड’ म्हणतात, आणि टीकेच्या सुरात ‘बाउडलराइज्ड’. फरक हेतूचा आहे. अब्रिज्डमध्ये लांबी कमी करायची असते, एक्स्पर्गेटेडमध्ये आक्षेपार्ह भाग काढायचा असतो. एखाद्या पुस्तकातले नको ते प्रसंग काढून त्याला शांतपणे ‘अब्रिज्ड’ म्हणणे ही वाचकाची दिशाभूल आहे, मग गाळलेल्या ओळी दहाच का असेनात.

चौथी पायरी : वाक्यात वापरणे

हे विशेषण क्रियापदाच्या भूतकाळवाचक रूपातून आले आहे. नामाआधी येते: ‘ॲन अब्रिज्ड एडिशन’, ‘ॲन अब्रिज्ड व्हर्जन’. क्रियापदानंतरही येते: ‘द टेक्स्ट हॅज बीन अब्रिज्ड’. स्वराने सुरू होते म्हणून आधीचे उपपद ‘ॲन’, ‘ए’ नव्हे. ‘अनअब्रिज्ड’च्या आधीही ‘ॲन’च.

कोणी केले हे सांगायला ‘बाय’, कशावरून केले हे सांगायला ‘फ्रॉम’. ‘अब्रिज्ड बाय’ या शब्दांनंतर नाव येते ते संक्षेप करणाऱ्याचे. ते वाचून तोच लेखक आहे असे समजू नका. नियतकालिकात लेखाखाली बारीक अक्षरात ‘अब्रिज्ड फ्रॉम’ असते, त्यापुढे मूळ पुस्तकाचे नाव येते.

‘व्हेरी अब्रिज्ड’ कानाला खटकते. कापाकापीचे प्रमाण सांगायचे असेल तर जास्तीसाठी ‘हेव्हिली अब्रिज्ड’, थोड्यासाठी ‘स्लाइटली अब्रिज्ड’. ‘मोअर अब्रिज्ड’ही शक्यतो टाळा, ‘शॉर्टर’ म्हणा.

हे विशेषण मजकुराला लागते: पुस्तक, कोश, भाषण, अहवाल, संहिता, वाचन. लवकर संपवलेल्या बैठकीला ते लावू नका. तिथे ‘कर्टेल्ड’ किंवा नुसते ‘कट शॉर्ट’. कापून आखूड केलेल्या कपड्याला तर नाहीच. मुळातच छोट्या लिहिलेल्या कवितेला किंवा लघुकथेलाही लावता येत नाही, कारण तिच्या मागे मोठे रूप नाही. तिच्यासाठी ‘शॉर्ट’ किंवा ‘ब्रीफ’. ‘कन्साइज’ म्हणजे नेटका, मोजक्या शब्दांतला. तो गुण आहे. अब्रिज्ड हा गुणही नाही आणि दोषही नाही, मजकुराचे काय झाले याची नोंद आहे. एखाद्याच्या लेखनाची स्तुती करायची म्हणून ‘युअर रिपोर्ट इज व्हेरी अब्रिज्ड’ असे लिहिले तर वाचणारा बुचकळ्यात पडेल, कारण त्याला वाटेल की काही पाने राहून गेली.

मजकुराबाहेर दोन ठिकाणी हा शब्द नियमाने भेटतो, आणि दोन्हीकडे नवखे अडखळतात. लोकसंख्याशास्त्रात ‘अब्रिज्ड लाइफ टेबल’ असते. लाइफ टेबल म्हणजे आयुर्मान सारणी: कोणत्या वयात मृत्यूचे प्रमाण किती आणि पुढे सरासरी किती आयुष्य उरते, याचा तक्ता. संपूर्ण आयुर्मान सारणीत वयाच्या प्रत्येक वर्षाची स्वतंत्र ओळ असते. अब्रिज्ड सारणीत पहिले वर्ष वेगळे, मग 1 ते 4 वर्षांचा गट, आणि पुढे पाच-पाच वर्षांचे गट. इथे कोणाची वाक्ये कापलेली नाहीत, ओळी एकत्र केल्या आहेत. 

दुसरे ठिकाण कायद्याचे, आणि तिथे ‘अब्रिज’ हे क्रियापद जुन्या, वजनदार अर्थाने येते. अमेरिकेच्या राज्यघटनेतली 1791ची पहिली दुरुस्ती भाषणस्वातंत्र्य ‘अब्रिज’ करणारा कायदा काँग्रेसला करू देत नाही. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद 13(2)च्या इंग्रजी पाठातही मूलभूत हक्क काढून घेणारा किंवा ‘अब्रिज’ करणारा कायदा राज्याने करू नये असे आहे. इथे ‘हक्क संक्षिप्त करणे’ असे भाषांतर केले तर वाक्याचा जीवच जातो. ‘हक्कांचा संकोच करणे’ किंवा ‘हक्कांना कात्री लावणे’ हेच बरोबर.

पाचवी पायरी : मराठीत आणताना

‘अब्रिज्ड एडिशन’ला ‘संक्षिप्त आवृत्ती’ हा रुळलेला शब्द आहे आणि पुस्तकाच्या बाबतीत तो पुरतो. अडचण अशी की मराठीत ‘संक्षिप्त’ हा शब्द फार कामांना जुंपलेला आहे. ‘संक्षिप्त बातम्या’, ‘संक्षिप्त परिचय’, ‘संक्षिप्त रूप’: यातले पहिले दोन मुळातच थोडक्यात लिहिलेले, तिसरे म्हणजे ॲब्रिव्हिएशन. म्हणून जिथे गैरसमज होण्यासारखा असेल तिथे ‘संक्षेपित’ वापरा. त्यात कोणीतरी संक्षेप केला आहे ही क्रिया दिसते. वाक्यात तर आणखी सोपे: ‘मूळ मजकूर काही भाग गाळून दिला आहे’. अशा साध्या वाक्याला घाबरू नये. मथळ्यात विशेषण लागते, पण निवेदनात हे वाक्यच जास्त प्रामाणिक वाटते.

बाकीचे शब्द वेगळे ठेवा. समरी म्हणजे सारांश. शोधनिबंधाच्या सुरुवातीचा ‘ॲबस्ट्रॅक्ट’ म्हणजे गोषवारा. शाळेतले ‘प्रेसी’ म्हणजे सारलेखन. एक्सर्प्ट म्हणजे उतारा किंवा वेचा. ‘अडॅप्टेड’ म्हणजे रूपांतरित. ‘अनअब्रिज्ड’ला ‘संपूर्ण’ बहुतेक वेळा चालतो. ‘असंक्षिप्त’ बरोबर असला तरी बोजड आहे. अगदी दोन आवृत्त्यांची शेजारी शेजारी तुलना करायची असेल तरच वापरा.

‘अनअब्रिज्ड डिक्शनरी’ची गंमत वेगळी आहे. वेब्स्टरचा 1961चा तिसरा आंतरराष्ट्रीय कोश या नावाने ओळखला जातो. त्यात साडेचार लाखांवर नोंदी आहेत. तरी अनअब्रिज्ड म्हणजे ‘भाषेतला प्रत्येक शब्द असलेला’ असे नव्हे. दुसऱ्या मोठ्या कोशावरून कापून केलेला नाही, एवढाच त्याचा दावा. उलट 1933 साली निघालेला ‘शॉर्टर ऑक्सफर्ड’ हा मोठ्या ऑक्सफर्ड कोशावरून बेतलेला असूनही दोन भरगच्च खंडांचा होता. आकार पाहून शब्द लावायचा नाही. मागे मोठे रूप आहे का, ते पाहायचे.

सहावी पायरी : हातातली आवृत्ती कोणती, हे तपासणे

मुखपृष्ठावर विसंबू नका, नामपृष्ठ आणि त्याच्या मागचे पान उघडा. ‘अब्रिज्ड’, ‘अब्रिज्ड बाय’ किंवा ‘कंडेन्स्ड’ असेल तर मूळ शब्द बहुतांशी लेखकाचे. ‘रिटोल्ड बाय’, ‘अडॅप्टेड बाय’, ‘सिम्प्लिफाइड’ असेल तर वाक्ये दुसऱ्याची. भाषा शिकणाऱ्यांच्या पुस्तकांत शब्दसंख्येची पायरी छापलेली असते. उदाहरणार्थ ‘ऑक्सफर्ड बुकवर्म्स’ची पहिली पायरी 400 मूलशब्दांची आणि सहावी 2,500 मूलशब्दांची. अशी खूण दिसली की ते अब्रिज्ड नाही, त्या शब्दमर्यादेत नव्याने लिहिलेले आहे. ग्रंथालयाच्या सूचीत पूर्ण शब्दाऐवजी ‘ए-बी-आर’ आणि टिंब एवढेच असू शकते. आधी ‘यू-एन’ असेल तर अर्थ उलटा.

काहीच लिहिलेले नसेल तर अनुक्रमणिका जुळवा. प्रकरणांची संख्या मुळापेक्षा कमी असेल तर उत्तर मिळाले. संख्या तीच असेल तरी निश्चिंत होऊ नका, प्रकरणे आतून कापलेली असू शकतात. मधल्या एखाद्या प्रकरणाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद मूळ मजकुराशी ताडून पाहा. पानांची संख्या फसवते, कारण टंकाचा आकार बदलला की पाने बदलतात.

ऑडिओबुकमध्ये तास हीच खूण. इंग्रजी वाचनाचा वेग मिनिटाला सुमारे 150 शब्द धरा. 90,000 शब्दांची कादंबरी पूर्ण वाचायला 600 मिनिटे, म्हणजे 10 तास लागतात. ती 3 तासांत संपत असेल तर ऐकणाऱ्याला साधारण 27,000 शब्द मिळाले, म्हणजे तीस टक्के. कॅसेटच्या काळात अब्रिज्ड वाचने इतकी का होती, तेही या गणितातून कळते: 90 मिनिटांच्या दोन कॅसेटमध्ये 3 तासच मावतात, पूर्ण पुस्तकाला सात कॅसेट लागल्या असत्या. नभोवाणीवर तर गणित आणखी कडक. ‘बीबीसी रेडिओ 4’च्या ‘बुक ऑफ द वीक’सारख्या कार्यक्रमात सुमारे पाव तासाचे पाच भाग, म्हणजे अख्खे पुस्तक 10,000 शब्दांच्या आसपास आणायचे. म्हणून तिथे संक्षेप करणाऱ्याचे नाव वाचून दाखवणाऱ्याच्या नावाबरोबर सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. ते काम फार कौशल्याचे आहे.

अनुवादित पुस्तकांत एक सापळा आहे आणि तो अनुभवी वाचकांनाही चकवतो. ‘कम्प्लीट अँड अनअब्रिज्ड’ हा दावा ज्या मजकुरावरून पुस्तक छापले त्याच्यापुरता असतो. ज्यूल व्हर्न यांच्या समुद्राखालच्या प्रवासाच्या कादंबरीचा 1870च्या दशकातला पहिला इंग्रजी अनुवाद घ्या. अनुवादक लुईस मर्सिए यांनी मूळ फ्रेंचमधला मोठा भाग गाळला होता. तो जुना अनुवाद एकही शब्द न कापता पुन्हा छापला तर प्रकाशक त्याला अनअब्रिज्ड म्हणू शकतो, पण वाचकाच्या हाती व्हर्न यांचे पूर्ण पुस्तक येत नाही. म्हणून अनुवाद घेताना अनुवादकाचे नाव आणि अनुवादाचे वर्ष आधी पाहा.

सातवी पायरी : स्वतः संक्षेप करून ‘अब्रिज्ड’ म्हणणे

परवानगीपासून सुरुवात करा. संक्षेप करणे हा मूळ लेखकाच्या हक्काचा भाग आहे. भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात ‘अडॅप्टेशन’च्या व्याख्येत अब्रिजमेंट येते, अमेरिकेच्या कायद्यातही व्युत्पन्न, म्हणजे मूळ कृतीवर आधारलेल्या, कृतींच्या यादीत हा शब्द आहे. हक्काची मुदत संपलेल्या मजकुरावर मात्र मोकळेपणाने काम करता येते.

मजकुराचे शब्द मोजा आणि लक्ष्य आकड्यात ठरवा. निम्म्यावर आणायचे असेल तर बहुतेकदा विशेषणे, पुनरुक्ती, आडकथा गाळून भागते. तिसऱ्या हिश्शावर आणायचे तर उपकथानके आणि पात्रेच काढावी लागतात, आणि तिथून पुढे चुकांचा धोका एकदम वाढतो. आधी पूर्ण मजकूर वाचून ज्या वाक्यांशिवाय शेवट कळणार नाही ती अधोरेखित करा. कापायला घ्या ते उरलेल्यातून. पहिल्या पानापासून वाचता वाचता कापत गेलात तर सुरुवात सविस्तर आणि शेवट घाईचा, असा तिरपा मजकूर हाती येतो.

वरच्या परिच्छेदाकडे परत या. तिथे आपण काठीचे वर्णन सहज कापले. समजा पुढे कुठे नदीकाठी एक शिसवी काठी सापडते आणि गावकरी तिची गुळगुळीत मूठ पाहून म्हाताऱ्याला ओळखतात. आता वाचकाला ती मूठ माहीतच नाही. अख्खा प्रसंग आधाराविना लोंबकळतो. तसेच ‘रात्रीच्या’ हा एक शब्द गेला. गाडी केव्हा गेली यावर कथेतला संशय अवलंबून असेल तर तो एक शब्द कापणे महागात पडते. यावर उपाय एकच: जी वस्तू, नाव किंवा वेळ कापली ती उरलेल्या मजकुरात शोधा. संगणकावर शोधपट्टीत शब्द टाकला की काम मिनिटात होते. पुढे सापडली तर एकतर ती परत आणा, नाहीतर पुढचा उल्लेखही काढा.

सर्वनामे हा दुसरा खड्डा. मधले वाक्य गेले की ‘तो’, ‘ती’, ‘तिथे’ हे शब्द भलत्याच माणसाकडे किंवा जागेकडे बोट दाखवू लागतात. अशा ठिकाणी सर्वनामाऐवजी नाव घालणे एवढी ढवळाढवळ अब्रिज्डमध्ये मान्य आहे. ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरीही’ ही अव्ययेही तपासा. कारण कापले गेले आणि ‘म्हणून’ मागे राहिले की वाक्य खोटे बोलू लागते. वादविवादाच्या किंवा संशोधनाच्या लेखनात तर अटी कापू नका. ‘काही परिस्थितीत’, ‘बहुधा’, ‘लहान मुलांमध्ये’ असे शब्द लांबी वाढवणारे वाटतात, पण ते गेले की लेखकाने न केलेले विधान त्याच्या नावावर जाते.

शेवटी नोंद लिहा. इंग्रजीत ‘अब्रिज्ड फ्रॉम’ आणि पुढे मूळ कृती, लेखक, आवृत्तीचे वर्ष. किंवा मजकुराखाली ‘धिस टेक्स्ट हॅज बीन अब्रिज्ड’ एवढे एक वाक्य. मराठीत ‘संक्षेप :’ लिहून आपले नाव, आणि मूळ कृतीचा तपशील. छोट्या अवतरणात गाळलेल्या जागी तीन टिंबे द्यावीत. पूर्ण पुस्तकाच्या संक्षेपात प्रत्येक ठिकाणी टिंबे दिली तर वाचणे अशक्य होते, तिथे सुरुवातीची नोंदच पुरते. त्या नोंदीत काय गाळले हेही एका वाक्यात सांगा: तळटीपा काढल्या आहेत, दुसरे उपकथानक वगळले आहे, प्रकरण 7 ते 9 एकत्र केली आहेत.